आधी कसं केलं ते सांग

भास्करराव सरांची आणि माझी पहिली भेट यवतमाळला, बी.एड.च्या वर्गात झाली. चौकोनी शेताचे चार सारखे भाग, सुचतील तितक्या तऱ्हांनी करा, एवढाच प्रश्न त्यांनी दिला होता. दिग्रसजवळच्या तांड्यावरून आलेल्या मी शेताच्या मधोमधून चारी बांधांकडे वळणावळणाच्या रेषा काढल्या. शेजारच्या मुली हसल्या. सर जवळ येऊन म्हणाले, "चूक-बरोबर मंग पाहू. आधी कसं केलं ते सांग." मी सांगितलं, याडीच्या, म्हणजे आईच्या घागऱ्यावर नक्षी असते तशी एकच वळणाची रेषा चारदा फिरवली, म्हणून चारही भाग सारखे. सर इतके खूश झाले की त्यांनी मला आपल्या कामातच ओढलं.

ते काम म्हणजे मोठ्या माणसांची गणितातली सर्जनशीलता मोजणं. उत्तरं किती सुचली, किती वेगवेगळ्या तऱ्हेची, आणि इतर कुणाला न सुचलेलं त्यात काही आहे का, हे आम्ही पाहत असू. सोबत बुद्धिमापन चाचणीही घेत असू. दोन्हींचं नातं आहे, पण सरळ नाही, असं सरांना दिसलं. तल्लख माणसं पुष्कळदा इथंही पुढे असत. तरी काही हुशार मंडळी एका पक्क्या उत्तराशी थांबत ती थांबतच. सरांनी मात्र कुणावर शिक्का मारला नाही. कमी गुण पडलेले एक कारकून फार खट्टू झाले, तेव्हा सर त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हणाले, "अहो, हे तुमचं माप नाही. माह्या प्रश्नाचं आहे."

गेल्या वर्षी सरांचीच चाचणी झाली. विसरणं वाढलं म्हणून काकूंनी, सरांच्या पत्नीनं, त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. सरांनी सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं मांडले. डॉक्टरांनी काही लिहिण्याआधी सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "सर, कसं केलं?"  ते हळूच म्हणाले, "मलेच नाही समजून राह्यलं, पोरी." मी बाहेर येऊन जिन्यात रडले. त्या घड्याळामागेही काहीतरी असावं असं मला फार वाटत होतं. नव्हतं.

आता सरांच्या पंचाहत्तरीला आपण सगळे विद्यार्थी जमणार. काकूंना एकच धास्ती आहे. त्या म्हणतात, "जो येते तो विचारते, सर, मले ओळखलं काय? मंग हे दिवसभर जेवत नाहीत." तीही चाचणीच, आणि सर तिच्यात रोज नापास होतात. म्हणून सर्वांना हात जोडून विनंती करते, आपलं नाव आपणच आधी सांगा आणि त्यांच्याजवळ बसा. मी तसंच करते. ते मान हलवतात. कधी विचारतात, "तुम्ही काय काम करता?"

"तुमचंच, सर."

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो असं लिहायचं, तर 'निरोगी'शी हात अडखळतो. उदंड तरी लाभो. आणि त्यात यापुढे त्यांना कुणी काही विचारू नये.