वाटाण्याच्या डोळ्याचा तक्ता

मोठ्या सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. डोळ्यांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं काढलेली बाई! सकाळी बाकावर वीस-वीस पेशंट ओळीनं बसायचे, बाई बाटली घेऊन या टोकाकडून निघायच्या आणि "वर बघा, हलू नका" एवढ्यावर त्या टोकाला पोचायच्या. प्रत्येक थेंबाची तक्त्यावर बरोबरची खूण. "माझ्या वॉर्डात बत्तीस वर्षांत एक रकाना रिकामा राहिला नाही!" हे वाक्य घरात इतक्या वेळा झालं होतं, की ते सुरू झालं की यजमानांचे ओठ आपोआप हलायचे. आवाज मात्र ते काढत नसत. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत जन्म गेलेला शांत माणूस तो.

अशा घरात लेकीनं दीड महिन्यासाठी वाटाणा आणून सोडला. तिला कामासाठी परगावी जायचं होतं. वाटाणा म्हणजे तिचा कुत्रा: अंगानं मांजराएवढा, पण डोळे असे टपोरे की बाकीचा कुत्रा मागाहून जोडला असावा. झाडूशी त्याचं वैर होतं. एके दिवशी तो झाडूवर धावून गेला आणि झाडूची काडी डोळ्यात घेऊन परत आला.

"बुबुळावर जखम आहे," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "दिवसातून सहा वेळा थेंब. चार दिवसांनी आणा. हयगय झाली तर डोळा जाईल, आधीच सांगतो."

डॉक्टरांची मदतनीस पुढे आली. "थेंब कसा घालायचा दाखवू का, मावशी?"

"मला?" बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "अगं, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून मी लोकांच्या डोळ्यांत थेंब घालतेय."

घरी आल्या आल्या बाईंनी पट्टी घेऊन तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. मग वाटाण्याला समोर बसवलं, बाटली उचलली आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "वर बघ. हलू नकोस."

वाटाण्यानं वर बघितलं. बाटली दिसली. पुढच्या क्षणी तो सोफ्याखाली होता.

यजमानांनी पालथं पडून त्याला ओढून काढलं. बाईंनी मान धरली, वाटाण्यानं मान काढून घेतली. बाईंनी जबडा धरला, वाटाण्यानं सगळं अंगच काढून घेतलं. पहिला थेंब कानावर पडला. दुसरा नाकावर, तो त्यानं चाटून टाकला आणि तोंड वाकडं केलं. तिसरा यजमानांच्या चष्म्यावर.

"पडला का गं?" यजमानांनी चष्मा पुसत विचारलं.

"पडला की."

"डोळ्यात?"

"त्याच्यावर पडला ना? झिरपतं हो ते आत. तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" आणि बाईंनी रकान्यात बरोबरची खूण केली.

चार दिवस हेच. घरात बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला की वाटाणा गायब, यजमान पालथे आणि बाई घामाघूम. लेकीचा रोज फोन. "आई, जमतंय ना गं?" "बत्तीस वर्षं मी काय केलं, विसरलीस वाटतं!" बाई फोन ठेवायच्या, तक्त्याकडे बघायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. तक्ता अगदी नमुनेदार भरत चालला होता. वाटाणा तो डोळा आता उघडतच नव्हता, एवढीच काय ती अडचण.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यावर उजेड टाकला आणि भिंग लावून दोनदा बघितलं.

"औषध वेळेवर चाललंय ना?"

बाईंनी पर्समधून घडी केलेला तक्ता काढून टेबलावर पसरला. चोवीस रकाने, चोवीस खुणा.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "इतकं काटेकोर आमच्या इथेही होत नाही. पण मग नाइलाज आहे, मावशी. इतके थेंब डोळ्यात जाऊनही जखम खोलच गेलीय. औषधाला दाद देत नाहीये. उद्या डोळा काढून टाकू. एका डोळ्यावरही कुत्री मजेत जगतात."

बाईंनी यजमानांकडे बघितलं. यजमान भिंतीवरचं कुत्र्यांचे दात घासायचं चित्र वाचत होते. वाटाणा मात्र टेबलावर बसून बाईंचाच हात चाटत होता, मेला. चार दिवस ज्या हातानं छळलं, तोच!

आणि बाईंना भलतंच आठवलं. फार वर्षांपूर्वी वॉर्डात एक शिकाऊ मुलगी आली होती. तिनं एक रकाना रिकामा ठेवला होता. "आजोबांनी डोळा उघडलाच नाही, सिस्टर. थेंब गालावर गेला," असं तिनं सरळ सांगितलं होतं. बाईंनी तिला सगळ्या वॉर्डासमोर उभी करून अशी झापली होती, की पोरीनं रडत रडत तो रकाना खूण करून भरून टाकला. त्या दिवसानंतर बाईंच्या वॉर्डात एकही रकाना रिकामा दिसला नाही. निरोप समारंभात मोठ्या डॉक्टरांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं होतं.

"डॉक्टर," बाईंचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "हे खरं नाही. यातले डोळ्यात गेले असतील तर तीन."

"दोन," यजमान चित्राकडे बघतच म्हणाले.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "म्हणजे औषध अजून सुरूच झालेलं नाही. ठीक आहे. काढायचं राहू द्या. दोन दिवस बघू."

मदतनीस जमिनीवर बसली. वाटाण्याची पाठ तिनं आपल्या पोटाशी घेतली, एका हातानं हनुवटी वर केली आणि बाटलीचा हात त्याच्या डोक्यामागून आणला. थेंब पडला तरी वाटाण्याला पत्ता नाही. "समोरून कुणी अंगावर आलं की घाबरतो बिचारा," ती म्हणाली.

"परत एकदा दाखव गं," बाई म्हणाल्या, आणि गुडघे कुरकुरत असताना तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

नवा तक्ता यजमानांच्या ताब्यात गेला. शिक्क्याची शाई वाळल्याशिवाय पुस्तक न मिटणारा माणूस. तो काय सोडतो!

"डोळ्यात?"

"डोळ्यात."

खूण. पुढच्या वेळी ऐन थेंबाला वाटाणा शिंकला.

"डोळ्यात?"

बाई घुटमळल्या. "...कानावर."

यजमानांनी रकाना रिकामा सोडला आणि पेन्सिल कानामागे खोचली. "पाच मिनिटांनी परत घालू. घाई नाही."

डोळा वाचला. कोपऱ्यात भुरकट ठिपका राहिला, पण त्या डोळ्यानं वाटाण्याला झाडू लांबूनही दिसतो. लेक परत आली, फ्रिजपाशी थांबली आणि हसायलाच लागली. "आई, तुझ्या तक्त्यात चक्क सात रकाने रिकामे?"

बाई हसल्या नाहीत. वाटाण्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्याची पाठ आपल्या पोटाशी धरून.

"माझ्या वॉर्डात बत्तीस वर्षांत," त्या यजमानांना म्हणाल्या, "एक रकाना रिकामा राहिला नाही हो."

यजमानांचे ओठ या वेळी हलले नाहीत.

"त्या आजोबांच्या डोळ्याचं पुढे काय झालं," बाई म्हणाल्या, "मी विचारलंसुद्धा नाही."