पाणी न पिणारी सुलक्षणा

मुलुंड पूर्वेच्या पाच घरांत चपात्या सुलक्षणा परबच्या हातच्या. सकाळी सात ते दुपारी दोन. या सात तासांत बाई घोटभर पाणी पीत नसे. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? अकरा वर्षं ज्या घरांत कणीक मळली, तिथल्या बाथरूमची कडी तिनं कधी काढली नव्हती. नको असं कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही. कामाला जाणाऱ्या बायकांत हे न बोलता ठरलेलंच.

त्यात तीन वर्षांपासून साखर. साखरेनं सारखं जावंसं वाटायचं, म्हणून हिनं पाणी आणखी तोडलं. चैत्रात लघवीला जळजळ सुरू झाली. उन्हाळी लागली म्हणून बेंबीवर चुना लावला, धण्याचं पाणी घेतलं, तेही दुपारी घरी आल्यावर. आठवड्यानं कंबर धरली आणि थंडी वाजून ताप भरला.

लेक अक्षता उखडली. "आये, किती दिवस लपवलंस?"

"माका काय झाला नाय गो. उष्णता ती."

"उष्णता? दोन गोधड्यांत कुडकुडतेयस, आणि म्हणे उष्णता!"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, साखर तपासली. जंतू वर किडनीपर्यंत पोचले होते.

"साखर वाढली की जंतूंचं फावतं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही सात-सात तास अडवून धरता. बरं वाटलं तरी गोळ्या पुऱ्या करा. पाणी प्या, लागली की जा. असंच चाललं तर किडनी हातची जाईल."

"जावचा खंय, ता पण सांगा."

"जिथे काम करता तिथेच. विचारा ना!"

गोळ्या संपवून सुलक्षणा कामावर गेली. पहिलं घर नलिनीवहिनींचं.

"वहिनी, जरा बाथरूमला जाऊ?"

"अगं, विचारतेस काय!" म्हणत वहिनींनी पेपर बाजूला केला. मग त्याच थांबल्या. "इतकी वर्षं कुठे जायचीस गं तू?"

"जायचेच नाय."

 वहिनींनी उठून बाथरूमचा दिवा लावून दिला.

पुढच्या तीन घरांतही निभावलं. एकीनं तोंड जरा वाकडं केलं, पण दार दाखवलं. पाचव्या घरच्या शर्मिष्ठा मॅडम मात्र म्हणाल्या, "खाली वॉचमनचं आहे ना? आमचं फक्त घरच्यांसाठी."

खालच्याला आतून कडी नव्हती. सुलक्षणानं हात धुतले, परातीवर झाकण घातलं.

"कणीक मळलीय मॅडम. चपात्या तेवढ्या तुम्ही लाटा."

"म्हणजे? उद्या येणार ना?"

"नाय. चार घरं बस झाली मला."

चपला घालून ती उतरली आणि घराकडे न वळता नलिनीवहिनींच्या बिल्डिंगकडे चालू लागली. घर वीस मिनिटांवर होतं, वहिनींचं बाथरूम दोन मिनिटांवर, आणि तिला आता अडवून धरायचं नव्हतं.