सतरा नंबरचा फॉर्म

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहून गेलं होतं. बाहेरून परीक्षा देईन म्हणत मी दोनदा फॉर्म भरला आणि दोन्ही वेळा पेपरला बसले नाही. पहिल्यांदा थोरल्या मुलीला गोवर आला होता. दुसऱ्यांदा काहीच झालं नव्हतं; अभ्यास केला नव्हता, एवढंच. कुणी विचारलं तर मी सांगायची, घरातून वेळच मिळत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला चाळीत आमच्या समोरच्या खोलीत एक कुटुंब राहायला आलं. नवरा पळस्प्याला गॅरेजमध्ये, दोन मुलं, सासू अंथरुणाला खिळलेली. बायको चिरनेरकडची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. महिन्याभरातच ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. मॅट्रिकला बाहेरून बसायचं हाय. इंग्रजी तेवढं शिकवाल का?"

आठवीत शाळा सुटलेली बाई. मी हो म्हटलं, आणि मनात म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे हे.

पण चार दिवस झाले, चार महिने झाले. आमच्याकडे पहाटे साडेपाचला नळाला पाणी यायचं. मी जांभया देत बादल्या घेऊन बाहेर यायची तेव्हा ती जिन्याच्या दिव्याखाली तासभर वाचून उठलेली असायची. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने रकाने आखले होते, कुठल्या दिवशी कुठला धडा. झाला की त्यावर रेघ. ते कॅलेंडर मला बघवत नसे. तरी तिच्या घरात गेले की आधी नजर तिकडेच जायची, एखादा रकाना सुटलाय का ते शोधायला.

एकदा माझे यजमान सहज म्हणाले की एवढं करून समोरच्या बाईंना वेळ कसा मिळतो कोण जाणे. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग मीही साडेचारचा गजर लावला, तीनदा. तिन्ही वेळा तो बंद करून कूस बदलली, आणि पांघरुणात पडल्या पडल्या तिच्या दाराची कडी वाजलेली ऐकली. तिला ताप आला त्या आठवड्यात मी मऊभात घेऊन गेले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं, आता तरी रकाने सुटतील म्हणून. पण ती पडून होती तरी पोटावर भूगोल उघडा होता.

जानेवारीत तिने विचारलं, पत्र आणि निबंध कसे लिहायचे. कच्च्या मुलांना इंग्रजीत तिथेच मार्क मिळतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "ते सोडून द्या. तुम्हाला जमायचं नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही." तिने मान डोलावली. परीक्षेला अजून दीड महिना होता. रोज वाटायचं, आज सांगू. सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. ती पास झाली, इंग्रजीतसुद्धा. मी विचारलं, पत्राच्या प्रश्नाचं काय केलंत?

"लिवलं की," ती म्हणाली. "तुमी सोडायला सांगितलंत, पन क्यालेंडरच्या त्या रकान्यांत पत्रंच मांडली होती, दुसरं काय नव्हतंच. दिवस रिकामा कसा ठेवायचा? मग रोज पुस्तकातलं एक पत्र बघून लिवलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला राहवलं नाही. "मी मुद्दाम तसं सांगितलं होतं," मी म्हटलं.

तिने सासूच्या चादरीची घडी घातली. मग म्हणाली, "वाटलंच होतं मला. राग पन आला होता. पन बाकीचं इंग्रजी तुमच्याबिगर कोन शिकवनार होतं?"

मी विचारलं, रोज उठावंसं वाटतं तरी कसं?

"वाटत नाय," ती म्हणाली. "वाटायची वाट बघत बसले तर म्हातारीचं अंथरूनपन बदलायचं राहील."

त्या वर्षी मी तिसऱ्यांदा फॉर्म भरला. साडेचारला उठणं मला कधीच जमलं नाही, त्याचा नाद सोडला. मुली शाळेत गेल्या की दार लावून अर्धा तास बसायचं, भांडी तशीच पडू द्यायची, एवढंच ठरवलं. पहिले पंधरा दिवस नुसती पानं उलटली. पुढे अर्ध्याचा एक तास झाला. तरी त्या वर्षी एक विषय राहिला. तो पुढच्या वर्षी सुटला आणि मी पदवीधर झाले, सेकंड क्लासमध्ये.

त्याच उन्हाळ्यात ती बारावी झाली. तिचे टक्के माझ्यापेक्षा जास्त होते. तिने मला जवळ घेऊन माझं तोंडभरून कौतुक केलं, मीही तिचं केलं, आणि घरी येऊन भाजी चिरताना तिचे टक्के पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिले.