लाल पपनसाची चव ठाऊक असलेले सर

सोनकांबळे सरांची आणि माझी पहिली भेट अहमदपूरला, त्यांच्या घरी झाली. मी बाजार समितीची बातमी करायला गेलो होतो. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक पपनसाच्या जाती जमवतात असे कळले, म्हणून ऊन टाळायला त्यांच्याकडे शिरलो. त्यांनी सोललेल्या फोडी पुढे ठेवल्या. मी संस्कृतचा विद्यार्थी. मातुलुंग, बीजपूर अशी नावे सुनावून मोकळा झालो. सरांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"ते महाळुंग," ते म्हणाले. "त्यात साल लई, गर थोडा. तुमच्या शास्त्र्यांसारखं."

ओळख अशी झाली आणि टिकली.

पपनस म्हणजे नारळाहून मोठे आंबट फळ, एवढीच आपली समज. सरांनी ती मोडून काढली. कुठले पांढऱ्या गराचे, कुठले गुलाबी, कुठले देठाकडे निमुळते. पण नुसत्या रंगारूपावरून निवाडा करायचा नाही. फळ तोडून काही दिवस ठेवावे, आंबटपणा निवू द्यावा, अंगठ्याने दाबून सालीची जाडी पाहावी, पान चुरून वास घ्यावा आणि मग चव. किनवटच्या वसतिगृहात त्यांनी मुलींना डोळे मिटून फोडी खायला लावल्या. मुलींनी एका जातीला 'गुळमट' म्हटले, दुसरीला 'रुसकी'. पुढे परिसंवादातही सरांनी तीच नावे वापरली. व्यासपीठावरच्या मंडळींना ती रुचली नाहीत. सरांनी त्यांची रुची विचारलीही नव्हती.

माझ्या आईला आजारपणात अन्न कडू लागायचे. सर एसटीने नांदेडला आमच्या घरी आले ते सोललेल्या गराचा डबा घेऊन. मुळीच कडसर नसलेली जात त्यांनी निवडून आणली होती. आईने डबा संपवला आणि मला ऐकवले, की असा एक तरी माणूस जोडलास हे बरे झाले, बाकीचे तुझे मित्र मला माहीत आहेत.

आता जे लिहितो ते सरांच्या या गौरवग्रंथात शोभणारे नाही. सरांच्या मते सर्वांत उत्तम जात लाल गराची. तिचे एकच झाड उरले होते, हदगावकडे त्यांचा विद्यार्थी रामेश्वर याच्या विहिरीवर. त्याच्या खोडातून डिंक वाहू लागला. सर तेव्हा खुब्याचे हाड मोडून नांदेडला लेकीकडे पडून होते. त्यांनी फोनवर सांगितले, की झाड जिवंत आहे तोवर फांदीची साल काढून गुटी बांधा, मुळ्या फुटतील. रामेश्वर म्हणाला, झालंय सर, काळजी करू नका.

झाले होते ते वेगळेच. सरांच्या पंचाहत्तरीला शाळाशाळांतून रोपे लावायची, असा विद्यार्थ्यांचा गुप्त बेत होता. त्यांनी गुटी बांधलीच नाही, झाडाच्या त्या हंगामातल्या सगळ्या फळांच्या बिया पिशव्यांत पेरल्या. पपनसाचे बियांचे रोप आईच्या वळणावर जात नाही, हे सरांनीच त्यांना शिकवले होते. परीक्षेत ते उत्तर लिहून त्यांनी गुणही मिळवले होते. उन्हाळ्यात झाड वाळले.

रोपे घेऊन मंडळी अहमदपूरला आली तेव्हा मी तिथे होतो. सरांनी एकेक पान चुरून हुंगले आणि काठीवर हनुवटी टेकवून बसून राहिले. रामेश्वर रडवेला झाला होता.

"सर, एखादं तरी तसं निघंल का?"

"निघंल बी. आठ-दहा वर्षांनी फळ धरंल. पर ते तसंच हाय का न्हाई, हे सांगायला मी पायजे ना, बाबा."

 मग सर म्हणाले, की सगळी लावा, एकही फेकू नका. सरांच्या पत्नीने चहा आणला. तो तसाच निवला.

अशा ग्रंथात शतायुष्य चिंतण्याची रीत आहे. मी ते रीतीखातर चिंतत नाही. मला सर पाहिजेत. बहुतेक झाडे आंबट निघणार, हे त्यांनी आताच सांगून ठेवले आहे. माझीही फारशी आशा नाही. तरी फळे धरतील त्या वेळी सरांची प्रकृती ठणठणीत असावी, जीभ तल्लख असावी, आणि आपण पुढे केलेली एकेक फोड खाऊन त्यांनी मान हलवावी: हे न्हाई. 'हे न्हाई' म्हणणारे कुणी आहे तोवर ती जात पुरती गेलेली नाही.