धुतलेले दगड

माझ्या नाकावर कायम राग. लॅबमध्ये कुणी माझ्या काचेच्या भांड्याला हात लावला तरी मी फाडकन बोलायचे. एवढी फटकळ बाई, पण बोलायलाच हवं होतं तेव्हा माझी दातखीळ बसली.

२००८चा सुमार असेल. परभणीहून आलेली मी पुण्याजवळ उरवड्याच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. विहिरीतून तेल उपसून झालं तरी बरंचसं तेल खाली दगडाच्या छिद्रांना चिकटून राहतं. ते सोडवायला आम्ही सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण बनवत होतो. नुसते कण खाऱ्या पाण्यात गेले की गुठळ्या होतात, म्हणून त्यांना पॉलिमरचा पातळ लेप द्यायचा. मग अंगठ्याएवढ्या दगडात तेल भरायचं, त्यातून हे कणांचं पाणी दाबाने सोडायचं आणि किती तेल सुटतं ते बघायचं. दीड वर्ष झालं, सुटत नव्हतं. साहेब उठता-बसता लॅब बंद करायची भाषा करायचे.

लॅबमध्ये भांडी धुवायला, साफसफाईला मामा होते. पन्नाशी ओलांडलेले. कारखाना उभा होता तो त्यांच्याच भातखाचरावर. जमीन देताना त्यांनी कायमची नोकरी मागून घेतली होती. कायमची म्हणजे तोंडी. मी राहायचे त्यांच्याच घरी, भाड्याच्या खोलीत. बांध कुठे होता, पाणी कुठून यायचं, हे मामा मला लॅबच्या खिडकीतून दाखवायचे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. आदल्या दिवशी मी घाईत मामांना सांगितलं, लॅबमधलं सगळं लख्ख धुऊन ठेवा. आणि घरी निघून गेले.

पूजेनंतरच्या आठवड्यात चमत्कार झाला. मोजनळीत तेल चढायला लागलं. तुलनेसाठी साध्या पाण्यावर लावलेल्या दगडातून थेंब येईना, आणि आमच्या कणांच्या दगडांतून धार. साहेबांनी पेढे वाटले आणि तेल कंपनीला अहवाल धाडला. मी तर हवेतच होते.

चार दिवसांनी मामाच कौतुकाने म्हणाले, या टायमाला दगडं निर्मळ व्हती ना, म्हणून. मी विचारलं, निर्मळ म्हणजे? तर त्यांनी ताटलीतले सगळे कोरे दगड पूजेसाठी गरम पाण्यात, साबणाच्या पावडरीत रात्रभर भिजवले होते आणि ओव्हनमध्ये वाळवून जागेवर ठेवले होते. तुलनेचा दगड तेवढा यंत्रात बसवलेला, म्हणून तो राहिला. म्हणजे दगडांच्या छिद्रांत साबण राहिला होता. खरकट्या ताटाचा ओशटपणा साबणाने सुटतो, तसं ते तेल सुटलं होतं. आमच्या कणांनी कप्पाळ काही केलं नव्हतं!

"चुकलं का माजं?" मामांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. ते खरंच होतं. पण पुढे मीच म्हणाले, कुणाला बोलू नका. अहवाल माझ्या सहीचा होता, आणि नोकरी गेली तर परभणीला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

कंपनीचे लोक आले. त्यांच्यासमोर नवे दगड लावले आणि तेलाने जागा सोडली नाही. ते गेल्यावर साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, आधीच्या दगडांना काय केलं होतं? मी वहीत बघत राहिले. मामा पुढे झाले. म्हणाले, मी साबणानं धुतली.

"कुणी सांगितलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

"कुनी न्हाई," मामा म्हणाले. "माज्याच मनानं."

त्याच संध्याकाळी त्यांना काढलं. मला रंगात मिसळायच्या कणांच्या कामाला लावलं, पगार तोच. मी खोली बदलीन असं मनाशी दहा वेळा म्हटलं आणि तिथेच राहिले. मामी पूर्वीसारखंच वाढायच्या. मामा दिवसभर ओट्यावर बसायचे. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून उगाच चिडायचे. एकदा तर नळाला पाणी नाही म्हणून मामींवरच खेकसले.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी अंगणात आले, तर माझी स्कूटी धुतलेली. हँडलला झेंडूची माळ, पुढे हळदकुंकू. शेजारी ओली बादली आणि मामा.

"औत कवाच इकलं," ते म्हणाले. "घरात चालतं हत्यार म्हनायचं तर आता ह्येच हाय."

मी मान हलवली. पाय निघेना. मामांनी बादलीतलं उरलेलं पाणी जास्वंदीला ओतलं.

"आन् मॅडम, साबन न्हाई लावला बरं का. नुसत्या पान्यानं धुतलीया."

मी माळेसकट गाडी काढली आणि त्यांच्या खाचरावर कामाला गेले.