श्यांग शिफूंचं कबुलीपत्र

श्यांग गुईझन चिडली की आरडाओरडा करत नाही, हातमोजे काढते. एकेक बोट ओढून, सावकाश. त्या मंगळवारी तिनं ते असे ओढले की एक फाटलाच.

चिडण्यासारखंच होतं. वुहानच्या गुआंगगूमधल्या लेझरच्या कारखान्यात तिनं एकोणीस वर्षं काढली होती. त्याआधी ती सूतगिरणीत तुटलेले धागे सांधायची. गिरणी बंद पडली तेव्हा तेच हात घेऊन इथे आली. केसाएवढ्या बारीक काचतंतूची, म्हणजे फायबरची, टोकं कापणं हे तिचं काम, आणि मॅनेजरपासून सगळे तिला शिफू म्हणतात, म्हणजे उस्ताद. टोक सरळ कापायचं नसतं, आठ अंश तिरकं कापायचं असतं. सरळ कापलं की उजेड तिथून मागे फिरतो, आणि आत तर उजेडाला बळ चढत असतं. लाउडस्पीकरसमोर माईक धरल्यावर कर्कश शिट्टी सुरू होते ना, तसंच. कुणी न सांगता उजेड आतल्या आत माजतो आणि यंत्र स्वतःलाच जाळून घेतं.

सोमवारी तसंच जळालं. अकरा जणांनी दोन महिने खपून उभं केलेलं यंत्र डॉक्टर तानच्या हाताखाली चाचणीत गेलं. डॉक्टर तान एकोणतीस वर्षांचा, परदेशातून पीएचडी करून आलेला. त्यानं फायबरचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, एकदा डोकावला आणि निकाल देऊन मोकळा झाला: टोक सरळ कापलंय. झालं! कारखान्याचा नियम असा की ज्याची चूक त्यानं सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर कबुलीपत्र वाचायचं. आणि टोकं कापणाऱ्यानं असलं पत्र वाचलं की त्याची रवानगी खोकी बांधायला.

मॅनेजर यू कोरा कागद घेऊन आला.

"शिफू, दोन ओळी खरडून टाका. वय झालं, नजर चुकली, एवढंच. कोण मनावर घेतंय?"

"मी घेते. नजर कुणाची चुकली ते आधी बघू. बोलवा त्या विद्वानाला."

डॉक्टर तान चहाचा थर्मास हलवत आला. तिनं जळक्या यंत्राचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली लावलं. पडद्यावर कड अगदी सरळ दिसली.

"बघा! मी काय म्हणत होतो?" डॉक्टर म्हणाला.

"थांबा हो जरा." तिनं फायबर जागच्या जागी पाव वळसा फिरवलं. कड तिरकी झाली. मोजली तर बरोबर आठ अंश. "उतरतं छप्पर समोरून सपाटच दिसतं, डॉक्टर. बाजूला जाऊन बघायचे कष्ट घ्यावे लागतात. एवढं शिकलात, हे कुणी शिकवलं नाही वाटतं?"

डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"मग उजेड मागे फिरला कशानं?" मॅनेजरनं विचारलं.

"यांनी मोजमापाची काच टोकासमोर अगदी सरळ उभी केली होती. ती किंचित कलती ठेवतात. सगळा उजेड तिनं परत आत ढकलला."

डॉक्टरनं थर्मास खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "जेवणानंतरच्या रोजच्या सुट्टीत सगळे खाटांवर झोपले होते तेव्हा मी यंत्र चालवलं. जळाल्याबरोबर काच काढून ठेवली. शिफू, तुम्हाला कसं कळलं?"

"डबा धुवायला जाताना दिसली."

"चाचणीच्या आधी?"

"आधी."

"मग बोलला का नाहीत?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. वसंतात तिनं असंच काही सुचवलं होतं, तेव्हा यानंच वीस जणांसमोर म्हटलं होतं, "शिफू, कापायला हात पुरतात, याला डोकं लागतं." हे सांगितलं असतं तर मॅनेजरनंही मान डोलावली असती. पण खरं काय ते तिला ठाऊक होतं. सरळ उभी काच दिसली तेव्हा तिला आनंद झाला होता. जळू दे, एकदाची याची जिरू दे, असं म्हणत ती डबा धुऊन आली होती आणि खाटेवर जाऊन डोळे मिटून पडली होती. आता तिला स्वतःचाच असा संताप आला की कान तापले.

"आणखी एक कागद आणा," ती मॅनेजरला म्हणाली. "हा त्याचं वाचेल, मी माझं."

"अहो शिफू, तुमचं काम चोख निघालं! उगाच कशाला?"

"आणा म्हटलं ना!"

बुधवारी डॉक्टर तानचं पत्र दोन पानी झालं, आकडेमोडीसकट. श्यांग शिफूचं एका ओळीचं होतं.

"काच सरळ उभी आहे हे मी पाहिलं, आणि डॉक्टर तानची जिरावी म्हणून मुद्दाम गप्प बसले."

त्या यंत्रावर खपलेले अकरा जण पुढच्याच रांगेत उभे होते. त्यांतल्या एकानंही वर पाहिलं नाही.