घरात कुणी न्हाई

आधी कडीत साखळी अडकल्याचा आवाज येई, मग दाराआडून तिचा थकलेला, तरी ठाम स्वर : "घरात कुणी न्हाई, बाई."

असे उत्तर तुम्हीही कुठल्या ना कुठल्या दारातून ऐकले असेल. बाईमाणसाने 'कुणी नाही' म्हटले, की घरात पुरुष माणूस नाही एवढेच समजायचे. कुटुंब पाहणीच्या कामाने मी तेव्हा उदगीरच्या त्या गल्लीत हिंडत होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आभाळ मात्र कोरडेच होते.

एकदा न राहवून मी म्हटले, "मग बोलतंय कोण, मावशी?"

आत साखळी पुन्हा हलली. मग, "ती बी न्हाई."

मला हसू आले. शेजारीण मात्र हसली नाही. ओट्यावर सरकून तिने मला जागा करून दिली.

"मागल्या दुष्काळात असंच कुणी इचाराय आलतं. ल्योक हैदराबादकडं कामाला गेलाय, हिनं सरळ सांगून टाकलं. रेशनकार्डावरनं त्याचं नाव कटलं. फुडं त्याची पत्रं बी बंद झाली. हिला वाटतंय, आपल्याच तोंडानं त्याला घराबाहेर काढलं."

त्यानंतर मी ते दार वाजवले नाही.

मग एका दुपारी टँकर आला. भरलेली घागर तिला उंबऱ्यावरून आत नेता येईना. मी हात लावला. तिने अडवले नाही. कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती. आत ओल्या सुताचा आणि साबणाचा वास कोंदला होता. प्यायच्या पाण्याची मारामार असताना दोरीवर पुरुषाचा सदरा नुकताच पिळून टाकलेला.

"पेटीत ठिवला की कुबट वास मारतो," मी न विचारताच ती म्हणाली. तांब्या माझ्यापुढे सरकवला. "बस. तुझं बी काम अडून ऱ्हायलंय. इचार."

पुढच्या खेपेला त्या घरात दुसरे बिऱ्हाड होते. ती कुठे गेली, गल्लीत कुणालाच नीट सांगता आले नाही. त्या दुपारी मात्र ती माझ्यासमोर बसली होती, आणि नियम मला पाठ होता : फार काळ बाहेर असलेला माणूस घरात धरायचा नाही. तो प्रश्न माझ्या तोंडून पुरा निघेना.

"मावशी, मुलगा...?"

तिने पदर सावरला, माझ्या डोळ्यांत पाहिले आणि म्हणाली,

"हाय."